मफलर राहू दे, आधी आयकार्डची दोरी विणा

शहाडमध्ये मफलर लागतो कुणाला? डिसेंबर-जानेवारीत पहाटेची लोकल पकडताना चार दिवस अंगावर काटा येतो, तेवढीच आपली थंडी. बाकी वर्षभर घाम आणि चार महिने पाऊस. तरीही क्रोशे किंवा दोन सुयांचं विणकाम शिकायचं म्हटलं की मोबाइलवर पहिला धडा येतो मफलरचा आणि दुसरा कानटोपीचा. हे धडे तयार करणारे बर्फ पडणाऱ्या देशांत राहतात, त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. आपण मात्र उत्साहात लोकरीचे दोन गुंडे आणतो, वीतभर विणतो, मांडीवरच्या लोकरीने उकडायला लागतं आणि ते अर्धं काम पिशवीत जाऊन पडतं. मग म्हणायचं, ‘हे काय आपल्याला जमत नाही बुवा.’

जमतं हो. फक्त पहिली वस्तू निवडताना गडबड होते. पहिली वस्तू लहान हवी, दोन-तीन दिवसांत संपणारी हवी आणि इथल्या हवेत वापरता येणारी हवी. म्हणजेच लोकरीऐवजी सुती धाग्याची हवी.

लॉकडाऊनपासून क्रोशे पुन्हा जोरात आलंय. न कोमेजणारी ट्यूलिपची फुलं, बॅगेला लटकणारी मधमाशी, बकेट हॅट, टॉप. त्या गुबगुबीत बाहुल्यांना ‘अमिगुरुमी’ हे जपानी नावसुद्धा आता आपल्या तोंडात बसलंय. कॉलेजच्या फेस्टमध्ये एखादा तरी स्टॉल असतोच. ट्रेंड आहे म्हणून का होईना, हातात सुई येतेय ही चांगली गोष्ट आहे. पण ती हातात टिकायला हवी. आणि या कामाकडे बघायची आपली नजरही जरा बदलायला हवी.

शहाडला तर धागा नवा नाही. इथल्या सेंच्युरी रेयॉनमध्ये लाकडाच्या लगद्यापासून व्हिस्कोसचा धागा बनतो. पलीकडे मोहन्याची एनआरसीही रेयॉनचीच. ती कधीच बंद पडली. स्टेशनच्या एका अंगाला उल्हासनगर, तिथे जीन्स शिवणारे कारखाने आणि कापडाचे बाजार. धागा बनवणाऱ्यांच्या आणि कपडे शिवणाऱ्यांच्या शेजारात आपण राहतो. मात्र नवशिक्यांनी सुरुवात रेयॉनच्या धाग्याने करू नये. तो गुळगुळीत असतो, सुईवरून सटकतो आणि टाके सुटले की डोकं फिरतं.

सामान किती लागतं?

क्रोशाची ४ मिमीची एक सुई, मध्यम जाडीचा सुती धागा, धाग्याची टोकं लपवायला बोथट टोकाची मोठ्या नाकाची सुई आणि कात्री. लेस-बटणांच्या कुठल्याही बऱ्या दुकानात हे सगळं मल्टिप्लेक्सच्या एका तिकिटाइतक्या पैशांत येतं. धाग्याचा रंग फिकट घ्या. काळ्या किंवा गडद निळ्या धाग्यात टाके दिसत नाहीत आणि पहिल्या आठवड्यात टाके दिसणं हेच सगळ्यात महत्त्वाचं. केसाळ, फुगीर लोकर दिसते गोड, पण चुकलं तर उसवताना गुंता होतो.

आणखी एक वस्तू लागेल, कागदाची चिठ्ठी. प्रत्येक वस्तूला किती वेळ लागला ते तिच्यावर लिहीत चला. का, ते पुढे सांगते.

व्हिडिओ बघून शिकणाऱ्यांचा एक घोटाळा हमखास होतो. अमेरिकेत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, त्यालाच ब्रिटनमध्ये डबल क्रोशे म्हणतात. त्यामुळे दोन व्हिडिओ बघून केलेली एकच वस्तू दोन आकारांची होते. आपल्या घरातल्या बायकांची भाषा त्यापेक्षा सोपी आहे. साखळी म्हणजे साखळी, बुटका टाका तो मुका खांब आणि उंच टाका तो खांब. घरागणिक नावं थोडी बदलतात, पण खांब म्हटलं की डोळ्यांसमोर उभा टाका येतो. आई, मावशी किंवा शेजारच्या काकूंना येत असेल, तर पहिला तास त्यांच्याजवळ बसा. धागा बोटाभोवती किती सैल धरायचा हे समोर बसून पटकन कळतं.

पाच वस्तू, याच क्रमाने

पहिली, आयकार्डची दोरी. सरकगाठ मारायची आणि गळ्यात घालून पोटापर्यंत येईल एवढी साखळी घालत जायची. मग परत फिरून प्रत्येक साखळीत एक मुका खांब. दोरी घट्ट होते, ताणली जात नाही. दोन्ही टोकं जोडून आयकार्डाचा हूक अडकवला की झालं. सुरुवातीच्या साखळ्या एक मोठी, एक बारीक अशा येतील. दोरीच्या शेवटापर्यंत त्या आपोआप एकसारख्या व्हायला लागतात.

दुसरी, चहाच्या कपाखालचा चौकोन. २१ साखळ्या घालायच्या, सुईपासूनच्या दुसऱ्या साखळीत पहिला मुका खांब घ्यायचा आणि ओळ पूर्ण करायची. हे झाले २० टाके. मग एक साखळी, काम उलटं फिरवायचं, पुन्हा २०. चौकोन होईपर्यंत असंच. इथे सगळ्यांचा चौकोन हळूहळू त्रिकोण होतो, कारण ओळीचा पहिला किंवा शेवटचा टाका सुटतो. उपाय एकच, प्रत्येक ओळ मोजायची. कंटाळवाणं आहे, पण दहा ओळींनंतर डोळ्यांनाच कमी-जास्त कळायला लागतं.

तिसरी, स्क्रंची. केसांचं साधं रबर घ्यायचं आणि त्याच्याभोवती चाळीस-पन्नास मुके खांब घालायचे. पुढच्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन किंवा तीन खांब. टाके दाटले की झालर आपोआप पडते. एका बैठकीत होणारी वस्तू आहे. मैत्रिणीच्या वाढदिवसाला आदल्या रात्री आठवण झाली तरी चालतं.

चौथी, मोबाइलची पिशवी. फोनच्या रुंदीपेक्षा बोटभर जास्त साखळी, मग चौकोनासारख्याच ओळी, लांबी मात्र फोनच्या दुपटीहून थोडी जास्त. पट्टी मधोमध दुमडून दोन्ही बाजू शिवायच्या. पट्टा म्हणजे पहिलीच आयकार्डची दोरी, जरा लांब. म्हणजे नवीन काही न शिकता पिशवी तयार.

पाचवी, जुन्या टी-शर्टचं पायपुसणं. शेजारी उल्हासनगर असल्यावर चिंध्यांचं मोल आपल्याला वेगळं सांगायला नको, आणि लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या आज्या तर घरोघर होत्या. टी-शर्टची खालची शिवण कापून टाकायची आणि बाह्यांच्या खालपर्यंत दोन सेंटीमीटर रुंदीची पट्टी गोल गोल, न तोडता कापत जायची. पट्टी ओढली की कडा आत वळतात आणि जाड धागा तयार होतो. त्याला ८ ते १० मिमीची सुई लागते. मधल्या वेढ्यात सहा मुके खांब आणि मग प्रत्येक फेरीत सहा टाके वाढवायचे : १२, १८, २४ असे. कमी वाढवले तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर. बऱ्यापैकी पायपुसण्याला चार-पाच टी-शर्ट जातात. वाटी झालीच, तर ती वाटी म्हणूनच ठेवा, चाव्या ठेवायला चालते.

आणि दोन सुयांचं काय?

दोन सुयांच्या विणकामात एक अडचण आहे. क्रोशात सुईवर बहुतेक वेळा एकच फासा जिवंत असतो, सुई निसटली तरी नुकसान एका टाक्याचं. दोन सुयांवर पूर्ण ओळ उघडी असते. एक टाका पडला की तो शिडीसारखा खाली उसवत जातो. म्हणून क्रोशे आधी, सुया नंतर. पहिल्यांदा ३० टाके घाला आणि सगळ्या ओळी सुलटच विणा. उलट टाका शिकायची घाई नको. कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि कडा वळत नाहीत. एक ओळ सुलट, एक ओळ उलट केली की कापड गुळगुळीत होतं खरं, पण कडेने गुंडाळी व्हायला लागते आणि नवशिक्याला वाटतं आपलंच चुकलं. सुती धाग्याचा असा चौकोनी तुकडा भांडी पुसायला उत्तम.

लोकलमध्ये अर्थातच क्रोशे. गर्दीच्या डब्यात दोन लांब सुया चालवल्या तर शेजारीण उठून जाईल. एक बोटभर सुई आणि एक छोटा गुंडा सॅकच्या वरच्या कप्प्यात मावतो. शहाडहून सीएसएमटीला जायचं तर वेळ भरपूर आहे, बसायला मिळालं तर.

हे सगळं फक्त मुलींसाठी आहे असं समजून ज्या मुलांनी पान उलटायला घेतलं असेल, त्यांनी जरा थांबा. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली ब्रिटनचा डायव्हर टॉम डेली प्रेक्षकांत बसून विणत होता आणि ते फोटो जगभर गेले. त्या स्पर्धेत त्याने सुवर्णपदक जिंकलं आणि पदकाला ओरखडे पडू नयेत म्हणून त्याच्यासाठी एक छोटी पिशवी विणली. आपल्या यादीतल्या चौथ्या वस्तूसारखीच.

आता त्या चिठ्ठीबद्दल

आपल्याकडे क्रोशाचं सगळ्यात मोठं प्रदर्शन कुठे भरायचं? रुखवतात. मण्यांचं तोरण, ताटावरचे रुमाल, टेबलक्लॉथ, बाळाची टोपडी. मुलगी कामाची आहे याचा तो पुरावा. लग्न झालं की तोरण दाराला लागायचं आणि बाकीचं कपाटात जायचं. त्याला किती महिने लागले हे कुणी विचारायचं नाही. घरी बसून केलं म्हणजे ते काम नाहीच, ‘टाइमपास’.

या एका शब्दावर मोठा धंदा उभा राहू शकतो. आंध्रातल्या पश्चिम गोदावरी जिल्ह्यात नरसापूर आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली आणि पुढे घराघरांत बसून बायकांनी विणलेली लेस परदेशांत जाऊ लागली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या बायकांवर ‘द लेस मेकर्स ऑफ नरसापूर’ हे पुस्तक लिहिलं, ते १९८२ साली आलं. त्यांनी दाखवलेली गोष्ट साधी होती. या बायका दिवसाचे कितीतरी तास राबत होत्या, पण त्या ‘गृहिणी’ आणि हे त्यांचं ‘फावल्या वेळेतलं’ काम असं सगळ्यांनी धरल्यामुळे मजुरी नाममात्र राहिली आणि नफा व्यापाऱ्यांकडे गेला. २०२४ मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा आनंदच आहे, पण ते काम मुळात काम आहे हे मान्य व्हायलाच किती वर्षं गेली!

क्रोशाची आणखी एक गंमत आहे. यंत्रावर स्वेटर विणता येतो. यंत्रावर क्रोशासारखी दिसणारी जाळीही निघते. पण बाजारात जे खरं क्रोशे मिळतं ते हाताचंच असतं. मॉलमधला किंवा अ‍ॅपवरचा क्रोशाचा टॉप तीनशे रुपयांना मिळत असेल आणि तो खरंच क्रोशाचा असेल, तर एवढ्याच पैशांत धागा, दुकानदार, कुरिअर आणि तो विणणारे हात हे सगळं बसवलेलं आहे. त्यात हातांच्या वाट्याला काय आलं असेल?

आता आपल्या चिठ्ठ्या काढा. समजा मोबाइलच्या पिशवीला तुम्हाला ५ तास लागले. धागा ८० रुपयांचा. कल्याण-डोंबिवलीतली एखादी मुलगी तशीच पिशवी इन्स्टाग्रामवर २५० रुपयांना विकतेय. धाग्याचे वजा केले की उरले १७०, म्हणजे तासाला ३४ रुपये. तिचा हात सफाईदार असेल, तिला तीनच तास लागत असतील, तरी तासाला ६० रुपयेही पडत नाहीत. यात फोटो काढणं, मेसेजना उत्तरं देणं, पोस्टात जाणं धरलेलंच नाही. आणि तिच्या पोस्टखाली आपण लिहितो, ‘एवढ्याशा पिशवीचे अडीचशे?’

विकणाऱ्या मुलींनाही हेच सांगायचं आहे. किंमत ठरवताना फक्त धाग्याचा खर्च धरू नका, तास धरा. ‘घरीच तर करते’ म्हणून निम्म्या भावात दिलेली पिशवी शेजारच्या इमारतीतल्या दुसऱ्या मुलीचाही भाव पाडते. ओळखीतल्यांना सवलत द्यायची असेल तर जरूर द्या, पण आधी पूर्ण किंमत सांगून.

सगळ्यांनी धंदा करावा असं मुळीच नाही. बहुतेकांसाठी हा छंदच राहील आणि तो तसाच राहिलेला बरा. परीक्षेच्या दिवसांत वीस मिनिटं फोन बाजूला ठेवून टाके मोजता आले तरी पुष्कळ झालं. पण छंद म्हणून का होईना, एक वस्तू स्वतःच्या हाताने पूर्ण केली की दुसऱ्याच्या हाताच्या कामाला आपण फुकट समजत नाही. या रविवारी घरातला शिवणाचा डबा उघडा. तळाशी एखादी गंजलेली क्रोशाची सुई बहुतेक सापडेल. ती कुणाची, तिने काय काय विणलं, हे विचारा. तोरण कपाटात असेल तर बाहेर काढा आणि किती दिवस लागले होते तेही विचारा. मग नवी सुई आणून आयकार्डची दोरी सुरू करा. घड्याळ बघून.