पदवीआधीचे इंग्रजी

इंग्रजी ज्याची मातृभाषा नाही अशा परदेशी विद्यार्थ्याला पदवीच्या वर्गात बसण्याआधी काही महिने, कधी वर्षभर, विद्यापीठाच्या भाषाकेंद्रात काढावे लागतात. गणित, रसायनशास्त्र, हिशेब हे त्याने आपल्या देशात नीट शिकलेले असते, पण अरबी, फारसी, थाई किंवा कोरियन भाषेत. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाने अशा विद्यार्थ्यांसाठी इंग्रजीची स्वतंत्र संस्था १९४१ मध्ये काढली आणि पुढे अनेक विद्यापीठांनी तो मार्ग धरला. आज अमेरिकेत विद्यार्थी व्हिसावर इंग्रजी शिकणाऱ्याला आठवड्याला किमान १८ तास वर्गात बसावे लागते, ऑस्ट्रेलियात २० तास. संध्याकाळच्या तासाभराच्या शिकवणीशी या शिक्षणाची तुलना होत नाही.

महाराष्ट्रात हे काम पुण्यात रुजले. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी आजारी पडलेल्या मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याचे परक्या शहरातले एकटेपण पाहिले आणि १९७१ मध्ये ‘सिंबायोसिस’ ही संस्था सुरू केली. परदेशी विद्यार्थ्यांना आधार देणे हा तिचा पहिला हेतू होता. पाठोपाठ १९७२ मध्ये ‘एल्टिस’ ही इंग्रजी शिकवणारी संस्था निघाली, कारण आपुलकी कितीही असली तरी व्याख्यान कळले नाही तर विद्यार्थी टिकत नाही. इराण, येमेन, इराक, सुदान, अफगाणिस्तान अशा देशांतून पुण्याला आलेल्या पिढ्यांनी आधी इंग्रजी शिकून घेतले, मग पदव्या मिळवल्या.

अशा वर्गात प्रत्येकाची अडचण त्याच्या भाषेप्रमाणे वेगळी असते. अरबीत ‘प’ नाही, म्हणून ‘पार्क’चे ‘बार्क’ होते. लेखनाची दिशा तर बदलतेच, पण त्याहून कठीण गोष्ट पुढची आहे. अरबीच्या रोजच्या लेखनात ऱ्हस्व स्वर लिहीत नाहीत, ते वाचणाऱ्याने मनाने भरायचे असतात. ती सवय घेऊन इंग्रजी वाचणारा व्यंजने टिपतो आणि स्वर सोडून देतो, त्यामुळे एकसारखी व्यंजने असलेले दोन शब्द त्याला एकच वाटतात. शिक्षकाला हे माहीत नसेल तर तो त्याला निष्काळजी ठरवतो आणि शुद्धलेखनाच्या पाट्या भरायला लावतो. त्याचा उपयोग होत नाही. डोळ्याला स्वर पाहायला शिकवावे लागते. फारसीत शब्दाच्या आरंभी जोडाक्षर चालत नाही, म्हणून तेहरानचा मुलगा ‘एस्टुडंट’ म्हणतो. थाई बोलणाऱ्याच्या तोंडून शब्दाच्या शेवटचा ‘स’ गळतो आणि त्याबरोबर अनेकवचनही जाते. कोरियन विद्यार्थ्याचा ‘फ’ ‘प’कडे झुकतो.

इंग्रजीतली ‘द’ आणि ‘अ’ ही उपपदे कोरियन, थाई आणि मराठी या तिन्ही भाषांत नाहीत. मराठी शिक्षकही ती घोकून आणि चुकून शिकलेला असतो. पाय नेमका कुठे घसरतो हे त्याला स्वानुभवाने ठाऊक असते. इंग्रजी शिकवावे ते इंग्रजांनीच, हा समज म्हणूनच टाकून द्यायला हवा. दुसरी भाषा म्हणून इंग्रजी कमावलेला, ध्वनिशास्त्र आणि अध्यापनपद्धती शिकलेला मराठी माणूस या कामाला पुरेपूर लायक आहे.

बोलता येऊ लागले म्हणजे काम संपले, असे अनेक पालकांना आणि काही संस्थांनाही वाटते. कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून १९७९ च्या सुमारास दाखवले, की रोजच्या संभाषणाची भाषा आणि अभ्यासाची भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधारण दोन वर्षांत जमते, दुसरीला पाच ते सात वर्षेही लागतात. न्यूझीलंडमध्ये अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० मध्ये शैक्षणिक लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची यादी केली. शैक्षणिक मजकुराचा सुमारे दहावा भाग याच शब्दांनी व्यापलेला असतो. भाषाकेंद्राचे खरे काम इथे सुरू होते: तासभराचे व्याख्यान ऐकून टिपणे काढणे, दुसऱ्याचे म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडणे, आधार कुठून घेतला ते सांगणे, परिच्छेदात एक मुद्दा शेवटपर्यंत नेणे.

पुण्यात इंग्रजी शिकण्याची एक अडचण लंडनमध्ये येत नाही. वर्गाबाहेर इंग्रजी कमी कानावर पडते. मेसच्या काकू मराठीत विचारतात, रिक्षावाले काका हिंदीत. म्हणून बोलण्याचे तास वर्गातच जास्त ठेवावे लागतात. मात्र सरकारी कागद इंग्रजीत असतात. परदेशी भाडेकरू आल्यावर घरमालकाने २४ तासांत त्याच्या माहितीचा अर्ज भरायचा असतो, आणि १८० दिवसांहून अधिक मुदतीचा विद्यार्थी व्हिसा असेल तर १४ दिवसांत परदेशी नोंदणी कार्यालयात नाव नोंदवायचे असते. चांगला शिक्षक हेच कागद पहिल्या आठवड्याचा धडा म्हणून वापरू शकतो.

आता हा विषय नवी मुंबईच्या दारात आला आहे. परदेशी विद्यापीठांना भारतात शाखा काढू देणारे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये केले. जून २०२५ मध्ये यॉर्क, अॅबर्डीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची डिझाइन संस्था आयईडी या पाच संस्थांना अशा शाखांसाठी इरादापत्रे देण्यात आली. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची शैक्षणिक नगरी तिथल्या नव्या विमानतळाजवळ उभी राहायची आहे. चर्चा होते ती जागेची, इमारतींची, शुल्काची. भाषेची होत नाही. देशात २०२१-२२ मध्ये ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते आणि त्यांतले सुमारे २८ टक्के एकट्या नेपाळचे. मध्य आशिया, अरब देश, व्हिएतनाम, फ्रेंच बोलणारा आफ्रिका इथून मुले यावीत असे वाटत असेल, तर त्यांना आधी इंग्रजी शिकवणारी जागा लागेल. वाशी-नेरूळच्या खासगी वर्गांत आयईएलटीएसची तयारी होते, पण ती परदेशात निघालेल्या इथल्या मुलांची आणि एका परीक्षेपुरती. विद्यापीठीय अभ्यासाची भाषा त्यातून येत नाही.

असे भाषाकेंद्र केवळ परदेशी मुलांसाठी ठेवणे मात्र चुकीचे होईल. ज्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई वसली, त्या गावांतून आणि उरण-पनवेलच्या मराठी शाळांतून आलेला विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षी ज्या भिंतीपाशी अडतो, ती येमेनच्या विद्यार्थ्याच्या भिंतीहून फार वेगळी नाही. दोघांना विषय येतो, भाषा आडवी येते. दोघे एका वर्गात बसले तर परदेशी मुलाला इंग्रजी बोलायला सोबती मिळेल, इथल्या मुलाला इंग्रजी बोलण्याची खरी गरज निर्माण होईल, आणि जाता जाता थोडी मराठीही परदेशी मुलाच्या कानावर पडेल. सिडकोने या विद्यापीठांशी जमिनीचे करार करतानाच अट घालावी: पदवीचे वर्ग सुरू होण्याच्या एक वर्ष आधी भाषाकेंद्र उघडावे, त्यातले शिक्षक कायम नेमणुकीचे असावेत आणि प्रकल्पग्रस्त गावांच्या मुलांसाठी तिथे विनाशुल्क जागा राखून ठेवाव्यात.