खराट्याला विरंगुळा म्हणायचे?



मागील अंकातील ‘अध्यात्म हा निवृत्तांचा विरंगुळा’ हे पत्र वाचले. पत्रलेखकाचा रोख कळतो. सकाळी मोबाइलवर सुविचार पाठवून दिवसभर शेजाऱ्याशी अबोला धरणारे पुष्कळ आहेत (अधूनमधून मीही त्यांतलाच). पण म्हणून सगळेच मोडीत काढायचे?

संत गाडगेबाबांचेच पाहा. ते गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. दिवसा रस्ते, गटारे साफ करायची आणि रात्री कीर्तनात त्याच गावाला कर्ज, दारू, पशुबळी, शिवाशिव यांवर प्रश्न विचारून घाम फोडायचा. उत्तर लोकांनीच द्यायचे, आणि ते देता देता माणूस स्वतःच्याच पेचात सापडे. त्यांनी ठिकठिकाणी धर्मशाळा उभारल्या. स्वतःच्या अंगावर मात्र चिंध्याच. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. हा विरंगुळा?

एक मात्र मान्य. २० डिसेंबरला, त्यांच्या पुण्यतिथीला, आमच्या चौकात फोटोपुरता झाडू फिरतो आणि हारांचा कचरा तिथेच पडून राहतो. यंदा तो उचलायला मी जाणार आहे. पत्रलेखकही आले तर चहा माझ्याकडे.

— एक वाचक, अमरावती