अटीत असाइनमेंट नकोच

तुलनेसाठी दोन बरोबर-चिन्हे हवीत तिथे एकच पडले, तरी सीचा कंपायलर प्रोग्राम बहुधा स्वीकारतो. व्हेरिएबल तपासले जाण्याऐवजी त्याची किंमतच बदलते आणि नव्या किमतीवर अट खरी-खोटी ठरते. यावर नवोदितांना ‘नीट बघून लिहा’ एवढाच सल्ला मिळतो. तो पुरेसा नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स कर्नलच्या सीव्हीएस प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसवल्या. वरवर त्या एका सिस्टिम कॉलचे पर्याय तपासत होत्या. पण एक चिन्ह कमी असल्याने, ठरावीक पर्याय देणाऱ्याचा यूआयडी शून्य होत होता, म्हणजे त्याला रूटचे अधिकार मिळत होते. शून्यामुळे अट खोटी ठरे, त्यामुळे एररही येत नसे. हा बदल पकडला गेला, कारण मूळ बिटकीपर भांडारात त्याची नोंद नव्हती. शिवाय असाइनमेंट स्वतंत्र कंसात असल्यावर जीसीसी या कंपायलरची नेहमीची वॉर्निंगही येत नाही.

म्हणून ही राखण भाषेने आणि नियमांनी करायला हवी. आल्गोल ६० आणि पास्कलने असाइनमेंटसाठी := हे वेगळे चिन्ह वापरले. जावात अटीला बूलियनच लागते, त्यामुळे पूर्णांकाच्या बाबतीत ही चूक कंपाइल होतानाच अडते. सी वापरणाऱ्यांसाठी मिस्रा सी २०१२ या नियमावलीतील नियम १३.४ असाइनमेंटचे उत्तर पुढे वापरू नये असे सुचवतो.

यावर पहिला आक्षेप सोयीचा आहे: फाइल संपेपर्यंत एकेक अक्षर वाचणारे लूप अटीतल्या असाइनमेंटमुळे आटोपशीर होते. सोय खरी आहे आणि पायथनने ३.८ मध्ये ती दिलीही, पण := या वेगळ्या चिन्हाने; साधे = अटीत आजही चालत नाही. सीमध्ये एक ओळ वाढली तर बिघडत नाही. पर्यायी उपाय सुचवला जातो तो तुलनेत स्थिरांक डावीकडे लिहिण्याचा. दोन्ही बाजूंना व्हेरिएबल असले की तो निरुपयोगी ठरतो. शिवाय ज्याला तो आठवतो, त्याला दुसरे चिन्हही आठवलेच असते. जुन्या कोडमध्ये वॉर्निंगचा पूर येईल, ही अडचण मात्र रास्त आहे. तेव्हा सुरुवात नव्या आणि बदललेल्या फाइलींपासून करावी: जीसीसीची वरील वॉर्निंग एरर म्हणून लावा, आणि कंसांआड लपलेल्या असाइनमेंटसाठी क्लँग-टायडीसारखी तपासणी बिल्डमध्येच बसवा. पुढच्या रिलीजची वाट न पाहता हे आजच्या बिल्डपासून करा.