शिनचॅन लहान मुलांचा की त्यांच्या आईबाबांचा?

टीव्हीवरचा सर्वांत आगाऊ पाच वर्षांचा मुलगा 26 सप्टेंबर 2025 रोजी, ऐन नवरात्रात, भारतातल्या चित्रपटगृहांत दाखल झाला. या वेळी गोष्टच भारतात घडते. कासुकाबेची पोरे नाचायला भारतात येतात, एका पाठपिशवीतला कागद बो नाकात खुपसतो आणि हा अबोल मुलगा एकाएकी हुकूमशहा होतो. लोणावळा, कामशेत, तळेगावच्या घरांत मात्र प्रश्न जुनाच. लोकल पकडून मुलांना पिंपरी-चिंचवडच्या मल्टिप्लेक्सला न्यावे का? चड्डी खाली करून नाचणारा, आईची खिल्ली उडवणारा हिरो दाखवायचा म्हणजे घरात नवे संकट!

मुळात शिनचॅन मुलांसाठी नव्हताच. योशितो उसुई यांनी 1990 मध्ये प्रौढांच्या साप्ताहिकात ही चित्रकथा सुरू केली. 1992 मध्ये ती जपानी टीव्हीवर गेली. भारतात 2006 मध्ये ती आली हंगामा या मुलांच्या वाहिनीवर. कार्टून म्हणजे पोरांचे, हे आपले ठरलेले गणित. पालकांच्या तक्रारींनंतर 2008 मध्ये प्रसारण थांबले, पुढे कात्री लावून पुन्हा सुरू झाले. (उसुई सप्टेंबर 2009 मध्ये अराफुने डोंगरावर एकटे भटकायला गेले आणि कड्यावरून कोसळून गेले. वय अवघे 51. सह्याद्रीच्या कड्यांशी रोजचा संबंध असलेल्या मावळकरांना हे चटका लावणारे आहे.)

यूए म्हणजे नेमके काय?

टीव्ही मालिकेला आधी प्रमाणपत्र घ्यावे लागत नाही. चित्रपटाला लागते. 2023 च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’ प्रमाणपत्राचे 7+, 13+ आणि 16+ असे तीन भाग झाले. ‘ए’ असेल तर अठराखालच्यांना दारातच अडवले जाते. यूएमधला आकडा मात्र फक्त पालकांसाठी आहे. तो पाळायचा की नाही हे तेच ठरवतात, थिएटरवाला नाही. म्हणजे सेन्सॉर बोर्डाने अर्धे काम आईबाबांवर सोपवले आहे. ते काम तिकीट काढून, मुलाला आत सोडून आणि स्वतः मोबाइलमध्ये डोके घालून होत नाही.

शेजारी बसून पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येईल. कासुकाबे हे टोकियोबाहेरचे खरेखुरे शहर आहे. शिनचॅनचा बाप हिरोशी तिथून रोज रेल्वेने टोकियोत कामाला जातो. घरावर 32 वर्षांचे कर्ज, घरी परतल्यावर बायकोचा ओरडा. तळेगावात फ्लॅट घेऊन पुण्याच्या लोकलला लटकणाऱ्याला हा माणूस अनोळखी वाटेल? मुलगा फक्त मोठे एकमेकांशी जे खोटे बोलतात ते चारचौघांत मोठ्याने बोलतो. पालकांना खुपते ते बहुधा हेच, चड्डी नव्हे.

या मालिकेवरच्या 2001 च्या चित्रपटात तर मोठी माणसे आपल्या बालपणाच्या आठवणींत इतकी रमतात की पोरांना विसरतात, आणि पोरेच त्यांना परत आणतात. 2006 मध्ये दप्तर टाकून हंगामा लावणारी मुले आता पंचविशी-तिशीत आहेत. शिनचॅनच्या चित्रपटाला तीच स्वतःच्या पैशाने येतात आणि लहानांपेक्षा जोरात हसतात. सात-आठ वर्षांच्या पोराने मध्येच ‘बाबा, तुम्ही का हसलात?’ असे विचारले, तर उत्तर तयार ठेवावे.