फोटो पुसट येतो, दोष कुणाचा?



लग्नसराई आली की आमच्या येलदरीसारख्या धरणाकाठच्या गावातही दोन-चार मुले गळ्यात कॅमेरा अडकवून फिरताना दिसतात. शहरातला फोटोग्राफर प्रत्येकाला परवडत नाही, मग निकाह, मेहंदी, वलीमा गावातलाच मुलगा टिपतो. काम इज्जतीचे आहे, पण भांडवल मोठे लागते. कॅमेरा जुना घेतला तरी घरातली भिशी नाहीतर अम्मीची सोन्याची साखळी त्यात जाते.

माझ्या एका माजी विद्यार्थ्याने असाच जुना कॅमेरा आणि ५० मिलिमीटरची लेन्स घेतली. पहिल्याच लग्नात दुल्हनचे जवळून काढलेले फोटो बिघडले. कानातले झुमके लख्ख, डोळे मात्र पुसट. लग्नघराने उरलेले पैसे दिले नाहीत. घरचे म्हणाले, "तुझा हातच थरथरतो." एका दुकानदाराने सांगितले, "लेन्स खराब आहे, नवी घ्या." दोन निदाने झाली, पण मोजून कुणीच पाहिले नव्हते.

थोडा विचार केला तर पहिले निदान घरबसल्या बाद होते. हात हलला तर सगळाच फोटो हलतो, झुमकेही पुसट आले असते. इथे झुमके स्पष्ट आहेत, म्हणजे कॅमेऱ्याने फोकस धरला, पण डोळ्यांच्या मागे धरला.

असे का होते? आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, म्हणजे डीएसएलआरमध्ये, फोकसचे माप एका जागी घेतले जाते आणि फोटो दुसऱ्या जागी उमटतो. लेन्समधून आलेल्या प्रकाशाचा थोडा भाग छोट्या आरशावरून कॅमेऱ्याच्या तळाशी असलेल्या फोकस सेन्सरवर जातो. बटण दाबले की आरसा उचलला जातो आणि मागच्या मोठ्या सेन्सरवर फोटो तयार होतो. लेन्सपासून या दोन्ही जागांचे अंतर तंतोतंत सारखे हवे. केसभर फरक पडला की तराजूत पासंग राहावा तसे होते: तोलणारा प्रामाणिक, पण माप चुकीचे. मोबाइलमध्ये आणि आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत फोकस त्याच सेन्सरवर ठरतो, म्हणून हा दोष तिथे सहसा येत नाही.

हा प्रश्न जुना आहे. आपला परभणी जिल्हा ज्या हैदराबाद राज्यात होता, तिथे राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) हे सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते. निजामाने त्यांना 'मुसव्विर जंग' हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. त्या काळचे छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेऊन धुरकट काचेवर फोकस पाहत आणि मग काचेच्या जागी प्लेट बसवत. प्लेट अगदी काचेच्याच जागी आली नाही तर चित्र पुसट. तेव्हाही पाहण्याची जागा आणि उमटण्याची जागा एक असणे हेच महत्त्वाचे होते.

तपासणीला लागणारे सामान घरात असते: मराठी वर्तमानपत्र, मुलांची ३० सेंटीमीटरची पट्टी, कंपासमधला ४५ अंशांचा गुण्या आणि ट्रायपॉड. ट्रायपॉड नसेल तर स्टुलावर पुस्तकांची थप्पी चालेल. ठळक मथळा कापून पुठ्ठ्यावर सपाट चिकटवा. मराठी मथळा यासाठी उत्तम, कारण शिरोरेषा आडवी आणि काना उभा, दोन्ही प्रकारच्या रेघा कॅमेऱ्याला मिळतात. पुठ्ठा कॅमेऱ्यासमोर अगदी सरळ उभा करा. शेजारी गुण्याच्या आधाराने पट्टी तिरकी ठेवा. तिची १५ ची खूण मथळ्याच्या रेषेत यावी, एक टोक कॅमेऱ्याकडे, दुसरे मागे. फोकस मथळ्यावरच धरा, पट्टीवर नाही. तिरक्या पट्टीवर कॅमेरा नेमकी कोणती रेघ पकडतो ते कळत नाही.

५० मिलिमीटरच्या लेन्ससाठी अंतर दीड ते दोन मीटर ठेवा. लेन्स पूर्ण उघडी, मधला एकच फोकस बिंदू, उजेड भरपूर आणि टायमर लावलेला. प्रत्येक फोटोआधी लेन्सची कळ 'मॅन्युअल'वर नेऊन फोकसची कडी फिरवून टाका, एकदा जवळच्या टोकाला, एकदा दूरच्या. मग पुन्हा 'ऑटो'वर आणून फोकस करा. असे दहा फोटो घ्या. त्यानंतर मागच्या पडद्यावर पाहून, म्हणजे लाइव्ह व्ह्यूमध्ये, तीन फोटो घ्या. त्यात 'क्विक' हा पर्याय असेल तर तो टाळा, कारण त्यात फोकस तळाच्या सेन्सरनेच होतो.

आता फोटो मोठे करून पाहा. तीन शक्यता आहेत. दहाही फोटोंत स्पष्टता १५ च्या मागे किंवा पुढे, आणि लाइव्ह व्ह्यूचे फोटो बरोबर: लेन्सची काच चांगली आहे, जुळणी बिघडली आहे. दहा फोटो दहा ठिकाणी: फोकसची यंत्रणाच डळमळीत आहे. लाइव्ह व्ह्यूमध्येही मथळा पुसट: तेव्हा लेन्सवर संशय घ्यावा. शेवटी हॉलसारख्या पिवळ्या दिव्यातही एकदा करून पाहा, कारण दिवा बदलला की काही कॅमेऱ्यांचे माप थोडे सरकते.

या मुलाचे दहाही फोटो मागे गेले, लाइव्ह व्ह्यूचे तिन्ही बरोबर आले. लेन्स निर्दोष, हातही निर्दोष.

इलाज काय? वरच्या दर्जाच्या अनेक कॅमेऱ्यांत ही दुरुस्ती मेनूतच असते. कॅननमध्ये 'एएफ मायक्रोअॅडजस्टमेंट', निकॉनमध्ये 'एएफ फाइन ट्यून', दोन्हींत उणे २० ते अधिक २०. स्पष्टता मागे जात असेल तर उणे बाजूला सरका, पुढे येत असेल तर अधिक बाजूला, आणि पुन्हा तपासा. स्वस्त मॉडेलमध्ये ही सोय नसते. त्याच्याही कॅमेऱ्यात नव्हती. अशा वेळी कॅमेरा आणि लेन्स दोन्ही एकत्र अधिकृत सेवा केंद्रात द्यावीत. तोवर बसून काढायचे फोटो लाइव्ह व्ह्यूने घ्यावेत आणि बाकी वेळी लेन्स एफ ४ पर्यंत बंद करावी. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात दीड मीटरवर एफ १.८ ला स्पष्टतेची पट्टी जेमतेम सहा-सात सेंटीमीटरची असते, एफ ४ ला ती सुमारे चौदा होते. डोळे आणि झुमके दोन्ही तिच्यात मावतात.

आई-वडिलांना एवढेच सांगणे: मुलगा जुनी लेन्स घ्यायला निघाला तर त्याच्या पिशवीत वर्तमानपत्र, पट्टी आणि गुण्या टाका. पैसे देण्याआधी दहा फोटो घेऊ द्या. विकणारा घेऊ देत नसेल तर तो सौदा सोडून द्या. आणि घरातल्या मुलाचे काम बिघडले तर त्याच्या हाताला नाव ठेवण्याआधी हत्यार तपासा. निकाहचा दिवस पुन्हा येत नाही, पण मुलाचा गेलेला भरवसाही सहज परत येत नाही.