कल्याण बंदराच्या इतिहासात मासळी कुठे आहे?

कल्याणचा प्राचीन इतिहास सांगायचा म्हटला की 'पेरिप्लस' हा इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथ पुढे येतोच. 'कल्लिएना' हे एकेकाळी रीतसर व्यापाराचे बंदर होते; पुढे तेथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो सांगतो. ठाण्यासाठी साक्ष काढली जाते मार्को पोलोची: कातडे, सुती कापड आणि बाहेरून येणारे घोडे.

दोन्ही साक्षी मोलाच्या आहेत, पण त्या परक्या व्यापाऱ्याच्या नजरेच्या. खाडीत जाळे टाकणारा कोळी त्यांत नाही. म्हणूनच ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याचा उल्लेख आजही 'मूळ रहिवासी' एवढ्यावर उरकला जातो. या समाजाच्या मालाने समुद्र ओलांडला होता, हे अभ्यासकांनीही फारसे मनावर घेतलेले नाही. (पुरावा मुळीच नाही असेही नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत मुगुदास नावाच्या मच्छीमाराने दिलेल्या लेण्याचा लेख आहे.)

एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला मुशीचे पर आणि माशांचे 'बोत' जात असत. बोत म्हणजे माशाच्या पोटातील हवेची पिशवी. घोळ माशाच्या बोताला आजही सोन्यासारखा भाव येतो, तो पूर्व आशियातील गिऱ्हाइकांमुळे. पालघरच्या किनाऱ्यावर, म्हणजे २०१४पर्यंतच्या ठाणे जिल्ह्यात, घोळ गवसली की तिची बातमी होते. मुशीच्या परांची निर्यात मात्र भारताने २०१५मध्ये बंद केली, आणि ते योग्यच झाले.

सुक्या बोंबलाची कथा याहून बोलकी आहे. इंग्रज त्याला 'बॉम्बे डक' म्हणत. हे नाव 'बॉम्बे डाक' या टपालगाडीवरून पडले, अशी लोकप्रिय कथा आहे. ती टिकत नाही. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी १८५३ची, आणि हे नाव त्याच्या कितीतरी आधी छापलेले सापडते.

हा बोंबील वलांडीवर, उघड्या उन्हात वाळतो. वाळवण्याचे काम मुख्यतः कोळिणींचे. १९९७च्या सुमारास युरोपीय महासंघाने मान्यताप्राप्त कारखान्यांतूनच मासळी घेण्याचा नियम लावला आणि ब्रिटनला जाणारा बोंबील अडला. स्वच्छतेचा आग्रह गैर नव्हता. पण वलांडीला 'कारखाना' या व्याख्येत जागाच नव्हती. पुढे तोडगा निघाला: वाळवण उघड्यावर चालेल, बांधणी मात्र मान्यताप्राप्त जागी हवी.

आजच्या आकडेवारीतही ही माणसे दिसत नाहीत. २०२३-२४मध्ये भारताने सुमारे १७.८ लाख टन, ६० हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीची सागरी उत्पादने निर्यात केली. त्यातील जवळपास दोन तृतीयांश मूल्य एकट्या गोठवलेल्या कोळंबीचे. तीही बहुतांशी आंध्रसारख्या राज्यांतील तळ्यांत वाढवलेली, आणि मोठी गिऱ्हाइके अमेरिका व चीन. 'मासळीची निर्यात' या शब्दांनी आज डोळ्यांपुढे शीतगृह येते, होडी येत नाही.

तरुण अभ्यासकांनी पेरिप्लसवर आणखी एक लेख लिहिण्यापेक्षा मुंबई इलाख्याच्या सागरी व्यापाराचे वार्षिक तक्ते उघडावेत, आणि चेंदणीतील वृद्ध कोळिणींना सुक्या मासळीचे भाव नि बाजार विचारून लिहून घ्यावेत. तक्ते पुढेही राहतील. कोळिणींना विचारायचे ते आधी विचारावे.