कांद्याची काढणी आणि मुलीची परीक्षा

उन्हाळ कांद्याचे रोप कधी लावावे, द्राक्षाची छाटणी कोणत्या पंधरवड्यांत उरकावी, हे नाशिक जिल्ह्यांतील शेतकऱ्यास पंचांग उघडून पाहावे लागत नाही. पण त्याच्याच घरांत बारावीला बसलेली मुलगी असेल आणि तिच्या मनांत नर्सिंगला जावयाचे असेल, तर तिच्या अर्जाची मुदत कधी संपते हे घरांतल्या एकाही कर्त्या पुरुषास सांगता येत नाही. ती बिचारी मैत्रिणीच्या मोबाईलवर वाचते आणि शेवटच्या दिवशी सेतू केंद्राच्या रांगेत उभी राहते.

राज्यांतील नर्सिंगच्या बहुतेक पदव्या ज्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या नावाने निघतात, ते १९९८ साली स्थापन झालेले विद्यापीठ आमच्याच नाशकांत, दिंडोरी रस्त्यावर म्हसरूळला आहे. त्याच्या फाटकासमोरून आमचा भाजीपाला रोज बाजारास जातो. माल जातो, मुली मात्र त्या मानाने फार थोड्या जातात. हे असे कां, याचा विचार आम्हीच केला पाहिजे.

चार वर्षांच्या बी. एस्सी. नर्सिंगसाठी राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाने स्वतंत्र परीक्षा सुरू केली. प्रश्न शंभर, वेळ दीड तास. पदार्थविज्ञान, रसायन, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल, अशा पांच विषयांचे वीस वीस प्रश्न. उत्तर चुकले म्हणून गुण कापीत नाहीत. तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडणे हा शुद्ध वेडेपणा आहे. आमच्या मुली जीवशास्त्र तोंडपाठ करतात आणि इंग्रजीला भितात. इंग्रजीचे वीस गुण म्हणजे परीक्षेचा पांचवा हिस्सा. तो हिस्सा आपण होऊन दुसऱ्याच्या पदरांत टाकावयाचा, मग गुणवत्ता यादी लागली की नशिबाला बोल लावावयाचा!

पण खरी अडचण पुस्तकांत नाहीच. परीक्षेचे दिवस येतात ते उन्हाळ्यांत, म्हणजे निफाड, चांदवड, येवल्याकडे कांदा उपटण्याच्या आणि पात कापण्याच्या ऐन घाईत. मजूर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही, आणि चाळीत माल भरल्याशिवाय गत नाही, हे आम्ही जाणतो. तेव्हा बसवितात कोणाला? मुलीला. मुलगा पोलीसभरतीची तयारी करीत असला तर त्याला पहाटे दूध मिळते आणि दुपारी झोप. मुलगी मात्र सकाळी भाकरी थापून, दिवसभर कांदा कापून, रात्री डोळ्यांची आग होत असतां रसायनाची समीकरणे वाचते. मग तिला कमी गुण पडले की घरांतलेच म्हणतात, पोरीच्या डोक्यांत काही शिरत नाही. आमचे आईबापांस विचारणे आहे: एका गाडीभर कांद्याचा भाव लिलावांत काय फुटेल हे तुमच्या हाती नाही, परंतु या पोरीचे सहा आठवडे तुमच्या हाती आहेत की नाहीत? सावड करण्याची रीत अजून गावोगाव आहे. दोन घरांनी मिळून ठरविले तर परीक्षेला बसणारी मुलगी तेवढे दिवस वावरांतून सुटू शकते.

आणखी एक गोष्ट. आजारी माणसाचा मळ काढण्याचे काम हलके, असे म्हणणारे लोक आमच्यांत अजून आहेत. ही अक्कल आमची नव्हे, उसनी आहे. पिढ्यान् पिढ्या गावची बाळंतपणे केली ती मांगवाड्यांतल्या आणि न्हाव्याच्या घरांतल्या सुइणींनी. मोबदला काय, तर सुपांत घातलेले धान्य आणि एखादे जुने लुगडे. सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची सेवा करतां करतां स्वतः त्या रोगाने गेल्या. काम तेच, आज त्याला पदवी आली, सरकारी इस्पितळांत अधिपरिचारिकेचा पगार आला, परदेशचा रस्ता आला. आणि नेमक्या याच वेळी त्या सुइणीची नात दाखला नाही म्हणून दारांत अडते.

दाखल्यांचे प्रकरण तर आम्हांस परीक्षेहून अवघड वाटते. जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर, अधिवास, उत्पन्न. यांतील एक कागद मुदतीत नसला तर राखीव जागेवरचा हक्क हातचा जातो. सुरगाणा, पेठ, कळवणकडील आदिवासी घरांस पडताळणीचा त्रास विशेष. म्हणून हे काम अकरावींतच हाती घ्यावे. शिवाय पुष्कळांचा समज असा की परीक्षा दिली म्हणजे झाले. तसे नाही. निकालानंतर प्रवेशासाठी पुन्हा नोंदणी करावी लागते व कॉलेजांचा पसंतीक्रम भरावा लागतो. चांगले गुण मिळवून हा दुसरा अर्ज चुकवणे म्हणजे पीक कापून खळ्यावर भिजू देणे होय.

पैशाचे बोलावयाचे तर, ८ जुलै २०२४ च्या सरकारी निर्णयाने आर्थिक दुर्बल, मराठा व इतर मागास वर्गांतील ज्या मुलींच्या घरचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आंत आहे, त्यांस व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ झाली. पण ती केंद्रीय प्रवेशफेरीतून गेलेल्यांस. संस्थाचालकाच्या खोलीत पैसे मोजून घेतलेल्या जागेला ही माफी नाही. दलाल हे सांगत नाही. वर्षभरांत नर्स करून देतो म्हणणारे दुकानदारही निघाले आहेत. त्यांस एकच प्रश्न विचारावा: या कागदावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होते काय? नोंदणी नाही तर ते प्रमाणपत्र चुलीत घालण्याच्या लायकीचे.

ज्या मुलीने विज्ञान घेतले नाही तिने रडत बसू नये. तीन वर्षांच्या जी. एन. एम. ला आणि दोन वर्षांच्या ए. एन. एम. ला कला शाखेची बारावीही चालते, आणि जी. एन. एम. झाल्यावर पुढे दोन वर्षांत पदवी घेता येते. वाट लांबची, पण आहे.

शेवटी आमच्या ज्ञातिसंस्थांस विचारणे आहे. १९१४ साली याच नाशकांत मराठा विद्या प्रसारक समाज निघाला, तेव्हा लोकांच्या घरी पैशाची रेलचेल नव्हती. आज वधूवर मेळाव्याचे मांडव पडतात, जेवणावळी उठतात. त्याच मांडवांत जानेवारी महिन्यांत एक टेबल मांडावे, संगणक जाणणारा एक तरुण बसवावा, आणि नर्सिंगला जाणाऱ्या प्रत्येक मुलीचे कागद तपासून तिचा अर्ज तेथेच भरून द्यावा. खर्च मंडपवाल्याच्या झालरीइतकाही येणार नाही.